मदत हवी आहे: पाण्याचा जार, बीपीए आणि आमवात

मंडळी, मी तासगावचा, द्राक्षबाग आहे. धाकटी बहीण सांगलीत असते, वय 34. दीड वर्षापासून तिला आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) आहे. मिरजेत उपचार चालू आहेत, गोळ्या वेळेवर घेते. तेव्हा काढे-लेप सुचवू नका, हात जोडतो.

तिच्याकडे 20 लिटरचा जार येतो, भर उन्हात टेम्पोतून फिरून. बुडाला प्लास्टिकचा प्रकार सांगणारा 7 आकडा. म्हणजे बहुधा पॉलिकार्बोनेट प्लास्टिक, आणि ते बनतं बीपीएपासून (बिस्फेनॉल ए). हे रसायन इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची नक्कल करतं एवढं माहीत होतं. पण इस्ट्रोजेनचा संदेश पकडणारे रिसेप्टर टी-पेशी, बी-पेशी आणि मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींतही असतात, हे आत्ता वाचलं. आमवात बायकांना पुरुषांपेक्षा दुप्पट-तिप्पट होतो, म्हणून डोक्यात किडा वळवळला.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये बीपीएची रोजची मर्यादा शरीराच्या वजनाच्या किलोमागे 4 मायक्रोग्रामवरून थेट 0.2 नॅनोग्रामवर आणली. 20 हजार पट खाली! कारण काय, तर एका प्रयोगात उंदरांत वाढलेल्या टीएच-17 पेशी (टी-पेशींचाच एक प्रकार). आमवातात सांधे सुजवण्यात याच पेशींचं नाव येतं. पण जर्मनीच्या बीएफआर संस्थेला हे पटलं नाही, त्यांचा आकडा 0.2 मायक्रोग्राम. बहीण 55 किलोची, म्हणजे एकाच्या हिशेबाने दिवसाला 11 नॅनोग्राम, दुसऱ्याच्या हिशेबाने 11 मायक्रोग्राम. आम्ही फवारणीत असा हिशेब केला तर बाग जळून जाईल.

(आईचं मत वेगळंच: द्राक्षाचे घड आपण जीएत (जिबरेलिक ॲसिड) बुडवतो, त्या डिपिंगनेच झालं. ते झाडाचं संप्रेरक, इस्ट्रोजेनशी त्याचा संबंध नाही, हे सांगून दमलो. तिचं आपलं "हार्मोन तो हार्मोनच".)

इम्युनॉलॉजीतलं कुणी असेल तर सांगा. उंदरांतली ही वाढ आजार आधीच जडलेल्या माणसाला कितपत लागू धरायची? बीपीए दिवसभरात लघवीवाटे बरंचसं निघून जातं म्हणतात, मग एकदाच लघवी तपासून काही कळतं का? दुकानदार 'बीपीए-फ्री' जार देतो म्हणतोय, पण त्यात बीपीएस (बीपीएऐवजी वापरतात ते बिस्फेनॉल एस) निघालं तर? तेही इस्ट्रोजेनसारखंच वागतं म्हणे.

जार बंद केलाय, माठ आणलाय. पण टीएच-17 वाल्या त्या प्रयोगात बीपीए उंदरांच्या आयांना दिलं होतं आणि पेशी पिल्लांत वाढल्या होत्या. भाच्याच्या वेळी बहीण नऊ महिने याच जारचं पाणी प्यायली. तो आता चार वर्षांचा आहे, ठणठणीत. त्याचं काही तपासून घ्यावं का, की उगाच सुया टोचायच्या?