मदत हवी आहे : आईची दातांची पहिलीच तपासणी

नमस्कार मंडळी. आई 61 वर्षांची, पण आजवर दातांच्या डॉक्टरांची पायरी चढलेली नाही. दुखलं की दाढेखाली लवंग, विषय संपला. आत्ता काही दुखत नाही, तरी शनिवारी राजारामपुरीत वेळ घेतली आहे.

पहिल्याच दिवशी एक्स-रे काढतात का? बारीक सळईनं दात आणि हिरडीमधली खोली मोजतात, 3 मिलिमीटरपर्यंत ठीक, असं कळलं. ते दुखतं का? स्केलिंग, म्हणजे दातांवरचं कीटण काढणं, लगेच करतात की पुन्हा बोलावतात? शेजारच्या काकूंनी आईच्या डोक्यात भरवलंय, "साफ केले की दात हलतात." मला पटत नाही. कीटण निघाल्यावर फट दिसते, एवढंच. पण आईला कोण समजावणार! तिला शुगर आहे, रक्त पातळ व्हायची गोळीही चालू आहे. गोळी आपल्या मनानं बंद करणार नाही, चिठ्ठी सोबत नेतोय. जेवून गेलेलं चालतं ना?

आईची मिश्री (दातांना लावायची भाजलेली तंबाखू) चार वर्षांपूर्वी सुटली. गालाच्या आत, जिभेखाली डॉक्टर आपणहून बघतात की सांगावं लागतं? "मिश्रीचं तेवढं बोलू नको बाबा तिथं," अशी ताकीद मिळाली आहे. मी सांगणारच.