प्रेसमध्ये बोट गेलं, मालक अर्धंच बिल देतोय
प्रश्न: धाकटा भाऊ रबाळे एमआयडीसीत कामाला, ऑगस्ट २०२५ मध्ये प्रेसमध्ये उजव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर गेलं. अजून शर्टाचं बटण लावताना थांबतो, बघवत नाही. मालकाने अर्धं बिल भरलं आणि म्हणतो बाकी तुमचं तुम्ही बघा. नवीन कायद्यात काय मिळेल?

कळव्याची ताई: आधी पगाराच्या स्लिपवर ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) कापलंय का ते बघ, कापलं असेल तर भरपाई तिकडूनच, मालकावर वेगळा दावा चालत नाही.

ऐरोली९०: नवीन सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, अपघात त्याआधीचा, म्हणजे १९२३ चाच कर्मचारी भरपाई कायदा धरायचा. ईएसआयसी नसेल तर कलम ४(२अ) प्रमाणे उपचाराचा खरा झालेला सगळा खर्च मालकाने द्यायचा, अर्धा नाही! तर्जनीचं एक पेर गेलं तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता ९ टक्के कमी झाली असं धरलंय, भरपाई काढताना पगार मात्र महिना जास्तीत जास्त १५,००० च धरतात. दावा २ वर्षांच्या आत लावा. औषधाची एकेक पावती जपून ठेवा हो, कोऱ्या कागदावर सही तर अजिबात करू देऊ नका.

प्रश्नकर्ता: स्लिपवर ईएसआयसी नाहीये. पावत्या आईने डब्यात ठेवल्यात, आजच काढतो.