मदत हवी आहे: नोकरी सोडून गावी निघायलोय, पेन्शनचे पैसे निघतील का?

वाळूजवाला:
मृगाच्या आधी राजीनामा द्यायचा, हे पक्कं आहे. पीएफमधल्या पेन्शनची रक्कम एकदम काढता येते का? नेटकॅफेवाला म्हणतो फॉर्म 10-सी भरा, एचआरवाले म्हणतात चालणार नाही. नक्की काय? जरा लवकर सांगा.

हिशोबी:
सर्व्हिस किती? वय? बेसिक-डीए (मूळ पगार अन् महागाई भत्ता)? त्याशिवाय कुणी काय सांगणार?

शेळीपालक_धाराशिव:
पैसे काढा अन् उस्मानाबादी शेळ्या घ्या. 20 शेळ्यांना 1 बोकड पुरतो. पावसाळ्याच्या तोंडावर आंत्रविषाराची लस टोचाच. कोवळं गवत अधाशासारखं खाल्लं की चांगली धट्टीकट्टी शेळी सकाळी मेलेली सापडते.

वाळूजवाला:
शेळ्यांचं नाही विचारलं भाऊ. वय 44, बेसिक-डीए 14,000, सर्व्हिस 9 वर्षं 7 महिने, एकच कंपनी.

हिशोबी:
मग एचआर बरोबर आहे. साडेनऊच्या वर गेलं की 10 वर्षं धरतात, 10-सी बंद. 58 ला पेन्शन. 50 पासूनही मिळते, पण 58 च्या आधीच्या प्रत्येक वर्षाला 4 टक्के कमी. 60 महिन्यांची सरासरी 13,000 धरा: गुणिले 10, भागिले 70, म्हणजे महिना 1,857 रुपये.
ग्रॅच्युइटी, म्हणजे सोडताना कंपनी देते ती रक्कम, वेगळी: 14,000 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 10, म्हणजे 80,769. सोडल्यापासून 30 दिवसांत लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

जालनेकर:
साडेनऊवर भरवसा ठेवायला सांगू नका लोकांना! बिनपगारी दिवस वजा होतात. पीएफच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्ट्री उघडा, एनसीपी डेजचा, म्हणजे बिनपगारी दिवसांचा, रकाना बघा. 30 च्या वर आकडा असेल तर गडी साडेनऊच्या खाली. सरळ दिवाळीपर्यंत थांबा.

वाळूजवाला:
दिवाळीला पेरू काय?

जालनेकर:
पेरणीपुरती रजा टाका, पण पगारी. बिनपगारी टाकली की एनसीपी अजून वाढतात.

कोरडवाहू:
75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याबिगर सोयाबीन पेरू नका. घरचं बी असेल तर 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. 70 उगवले तर एकरी 30 किलो पुरतं. कमी उगवले तर त्या मानानं बी वाढवा.

वाळूजवाला:
बघितलं. एनसीपी 52 दाखवायलंय.

हिशोबी:
जालनेकर, तुमचं खरं निघालं. वाळूजवाला, आज सोडलं तर 10-सी चालेल, पण जन्मभराची पेन्शन जाईल. साधारण 22 दिवस कमी पडतात. महिनाभर पूर्ण हजेरी भरा.

जालनेकर:
महिना नाही, पाच-सहा. काठावर राहिलं की क्लेम अडकतो.

वाळूजवाला:
महिना काढतो कसाबसा. राजीनाम्यावर तारीख कोणती टाकू?

हिशोबी:
नोटीस पिरियड किती आहे?