'प्लाझ्मा कन्फाइनमेंट'ला मराठीत काय म्हणावं?

दहावीच्या मुलांसाठी अणुसंमीलनावर टिपण लिहिते आहे. 'कन्फाइनमेंट'शी, म्हणजे प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा अतितप्त वायू) एका जागी धरून ठेवण्याशी, अडले. हिंदीतला 'परिरोध' मुलांना कळणार नाही, 'बंदिस्तीकरण' जिभेवर बसत नाही. 'प्लाझ्मा कोंडणे' चालेल का?

—

'कोंडणे' नको. गुरं कोंडवाड्यात कोंडतात, वाफ झाकणाखाली कोंडते. कोंडायला भिंत लागते. इथे तर सगळी धडपड भिंतीला शिवू न देण्याची. इटर या फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय संमीलन-यंत्रात प्लाझ्मा १५ कोटी अंश सेल्सिअसवर न्यायचा आहे. तो भिंतीला टेकला की भिंत झिजते आणि प्लाझ्माही थंड पडतो.

'बांधून ठेवणे' जवळचं वाटतं. शेतावर कुत्र्याच्या साखळीची कडी लांब तारेत अडकवतात ना? कुत्र्याला तारेपासून लांब जाता येत नाही, पण तारेच्या कडेकडेनं तो या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो. विद्युतभारित कण चुंबकीय बलरेषेभोवती गिरक्या घेत तसाच पुढे सरकतो आणि टोकाशी निसटतो. म्हणून टोकच ठेवायचं नाही, बलरेषा कड्यासारख्या वळवायच्या. टोकामॅक या रशियन नावात तेच आहे: कड्याच्या आकाराची पोकळी आणि चुंबकी वेटोळी. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतला 'आदित्य' हा आपला १९८९चा टोकामॅक.

नुसतं कडंही पुरत नाही. कण हळूहळू वर-खाली सरकतात, म्हणून बलरेषांना पीळ द्यावा लागतो. तो प्लाझ्मातल्याच विद्युतप्रवाहानं मिळतो. पीळ जास्त झाला की सुंभाला वेटोळं पडावं तसा प्लाझ्माच वाकतो. तेव्हा 'पीळ' हा शब्दही टिपणात हवाच.

—

'बांधणे' पटलं, पण 'कन्फाइनमेंट टाइम'ला ते लावू नका. फेब्रुवारी २०२५मध्ये फ्रान्सच्या वेस्ट टोकामॅकमध्ये प्लाझ्मा १३३७ सेकंद टिकला. तो कन्फाइनमेंट टाइम नव्हे; तो तिथे सेकंदभराचाही नसतो. दुधाच्या पातेल्याखाली गॅस चालू असेल तर दूध तासभरही गरम राहील. गॅस बंद केल्यावर ऊब किती वेळात निघून जाते, हे मोजायचं असतं. मी 'ऊर्जा-धारणकाळ' म्हणेन.

ही ऊब मुख्यतः प्लाझ्मातल्या खळबळीमुळे, लहान लहान भोवऱ्यांतून, बाहेर झिरपते. १९८२मध्ये जर्मनीत गार्शिंगच्या आस्डेक्स यंत्रावर फ्रिट्झ वाग्नर यांना दिसलं की तापवण्याची शक्ती एका मर्यादेपलीकडे गेली की काठाची खळबळ अचानक निवते आणि धारणकाळ जवळजवळ दुप्पट होतो. मला ते दुधावर साय धरल्यासारखं वाटतं. आतली ऊब टिकते, पण दाब साठून काठ मधूनमधून फुटतो आणि तो झटका भिंतीला बसतो. इटरच्या माणसांना आज काळजी आहे ती त्याचीच.

—

साय! हेच घेते. 'बांधणे', 'पीळ', 'धारणकाळ' हेही ठरलं. त्या झटक्यांना 'उमाळा' म्हणू का?

—

उमाळा मायेचा येतो, रडण्याचा येतो. इथे 'उसळी' लिहा.