विज्ञान प्रदर्शनातली विकतची मॉडेलं बंद करा, पोरांना चुना आणि माती द्या

चुन्याची_निवळी (धागा यांनी सुरू केला)

मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. सहावी-सातवी मिळून 31 पोरं. परवा तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन झालं, तेव्हापासून डोकं तापलेलं आहे.

नऊ ज्वालामुखी मोजले. सहा सिरिंजवाले जेसीबी. बाकी पवनचक्क्या आणि थर्माकोलची स्मार्ट गावं. बराचसा माल अमरावती-नागपूरच्या दुकानांतून आलेला, एका पवनचक्कीवर तर किमतीचं स्टिकर तसंच होतं. एका ज्वालामुखीपाशी उभ्या पोराला विचारलं, "बेटा, खाण्याच्या सोड्याच्या जागी मीठ टाकलं तर काय होईल?" त्यानं आधी त्याच्या सरांकडे पाहिलं, मग म्हणाला, "तसं टाकायचं नाही सर, बिघडते." पाठ केलेलं भाषण मात्र एका दमात म्हटलं, मॅग्मा-लाव्ह्यासकट. खऱ्या ज्वालामुखीत सोडा आणि व्हिनेगर नसतं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. पहिला नंबर त्यालाच.

आता माझ्या वर्गातलं सांगतो. डिसेंबरात पोरांना म्हटलं, उद्या घरून चिमूटभर चुना आणा. आपल्याकडे खर्रा घोटणारा आणि चुन्याची डबी बाळगणारा माणूस कोणत्या घरात नाही? 31 पैकी 26 जणांनी आणला. (उरलेल्या पाच जणांच्या बापांना मी मनातल्या मनात नमस्कार केला.) चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला, सकाळी वरची निवळी गाळून घेतली. पेल्यात निवळी, निवळीत नळी, आणि फुंका. बघता बघता पाणी ताकासारखं झालं. मग दुसऱ्या पेल्यात सायकलच्या पंपानं हवा सोडली, तर पोरं पंप मारून दमली पण पाणी होतं तसंच. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड 0.04 टक्के, आपल्या उच्छ्वासात 4 टक्क्यांच्या घरात. शंभरपट. हा आकडा पुस्तकातून मी दरवर्षी सांगतो, यंदा पहिल्यांदा पोरांनी तो ऐकून 'हां' म्हटलं.

एक पोरगा मात्र थांबायलाच तयार नाही, फुंकतोच आहे. बऱ्याच वेळानं ओरडला, "सर, ताकाचं पुन्हा पाणी होऊन राह्यलं!" खरंच पांढरेपणा विरत होता. जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडनं न विरघळणाऱ्या कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं म्हणून. हे मला ठाऊक होतं असं खोटं सांगत नाही, रात्री पुस्तक उघडावं लागलं.

म्हणून माझं म्हणणं: विकतच्या मॉडेलला प्रदर्शनात बंदी घाला. वस्तू गावात मिळणारी हवी आणि प्रश्न पोराचा हवा. बोला.

---

मोर्शीचा_संत्रा

गुरुजी, ज्वालामुखीवरच्या तुमच्या रागाशी सहमत, औषधाशी नाही. 'गावात मिळणारी वस्तू' ऐकायला गोड आहे. पण अटल टिंकरिंग लॅबला शाळेमागे 20 लाखांपर्यंत अनुदान, त्यात थ्रीडी प्रिंटर आणि सेन्सर, आणि आमच्या पोट्ट्यांनी बापाच्या डबीतला चुना उकरायचा? गरिबाचं विज्ञान टाकाऊतून टिकाऊ, श्रीमंताचं विज्ञान नवंकोरं. ही वाटणी कोणी केली?

माझ्या शाळेची गोष्ट ऐका. कूलर एप्रिलात गारेगार करतो आणि जुलैत नुसती चिकचिक करतो, असं का, हा प्रश्न आमच्यातल्याच एका पोरानं विचारला. सर उत्साही. म्हणाले, दोन थर्मामीटर घेऊ, एकाच्या फुग्याला ओली चिंधी बांधू आणि दोन्हींतला फरक रोज लिहू. हवा कोरडी असली की चिंधीवरचं पाणी भराभर उडतं, फरक मोठा येतो. दमट हवेत फरक कमी. यापेक्षा चांगला प्रयोग विदर्भात दुसरा कोणता? पण शाळेत थर्मामीटर एकही नव्हता. सरांनी तापाचे दोन आणले. पारा 42 च्या खुणेपर्यंतच जाणारे. एप्रिलच्या उन्हात ओट्यावर ठेवले, अन् कोरडा टचकन फुटला. पाऱ्याचे गोळे आम्ही वहीच्या पुठ्ठ्यावर दुपारभर खेळवले. तो विषारी असतो हे कळलं कॉलेजात गेल्यावर.

प्रश्न पोराचा होता, वस्तू गावातली होती. मग अडलं कुठं? मापाला साधन लागतं आणि साधनाला पैसे. ते मागायचे सोडून आपण चुन्याचं कौतुक करत बसलो, तर वरचे लोक खूशच होतील.

---

पीएचसीवाली_सिस्टर

दोघांचंही वाचलं. सर, राग मानू नका, पण चुन्याच्या प्रयोगाचं वाचताना माझ्या पोटात गोळा आला. चुन्याची पुडी दाबली की तोंडाशी पिचकारी उडते आणि लेकरांच्या डोळ्यात जाते. आमच्याकडे वर्षाला अशी दोन-तीन लेकरं येतात. चुन्यानं बुबुळ भाजतं, नजर कायमची जाऊ शकते. त्यात घरचे लोक आधी तूप नाहीतर मध घालतात डोळ्यात. तसं करू नका. लगेच स्वच्छ पाण्यानं धूत राहायचं, पंधरा-वीस मिनिटं तरी, चुन्याचे कण राहिले असतील तर निघून जाईपर्यंत, आणि धुऊन झालं की थेट दवाखाना. आणि फुंकायला सांगितलं की पंधरातलं एक लेकरू नळीनं ओढतंच, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरं म्हणजे ते सिरिंजवाले जेसीबी. सगळ्या सिरिंजा दुकानातून येतात असं वाटतं का? आमच्या आवारातल्या कचऱ्यात हात घालताना दोन पोरं मी स्वतः पकडली. "सर म्हणाले दहा पाहिजेत."

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. 'घरातली रिकामी बाटली आणा' हे वाक्य पुण्या-मुंबईत ठीक आहे. आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरी रिकामी बाटली कशाची असते? फवारणीच्या औषधाची. 2017 मध्ये आपल्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, ते दिवस मी वॉर्डात काढलेत. ती बाटली तीनदा धुतली तरी शाळेत नको. गेल्या वर्षी एका लेकरानं ठिबक सिंचनाचं मॉडेल तसल्याच बाटलीचं केलं होतं, लेबल खरडलेलं, वास तसाच.

प्रयोग बंद करा असं म्हणत नाही मी. पण 'गावात मिळणारी वस्तू' म्हणजे आपोआप निरुपद्रवी वस्तू, असं समजू नका.

---

चुन्याची_निवळी

सिस्टर, बाटलीचा मुद्दा डोक्यात घुसला. मी आजवर हे वाक्य शंभर वेळा बोललो असेन. सोमवारी पहिलं काम, वर्गातल्या सगळ्या बाटल्या हुंगून बघतो. चुना मात्र सोडणार नाही. यापुढे निवळी मीच करून गाळून आणीन, पोरांच्या हातात फक्त पातळ निवळी, आणि ओढू नये म्हणून नळीला वरच्या बाजूला सुईनं भोक. पुडी वर्गात आणायची नाही.

मोर्शीकर दादा, साधनं मागायची नाहीत असं मी कुठं म्हटलं? पण साधनं आली की कुलपात जातात हेही पाहिलंय. एका शाळेत सूक्ष्मदर्शक खोक्यातच होता, कारण फुटला तर भरपाई कोणाच्या पगारातून? हा प्रश्न मीही विचारला असता, प्रामाणिकपणे सांगतो.

---

पऱ्हाटी_वाला

राजेहो, मी शिकेल नाई जास्त, दहावी नापास. पण आमच्या पोट्टीनं जे केलं ते सांगतो. तिच्या मॅडमनं सांगतलं, दोन वावरातली माती आणा. एक आमची कायी, एक धुऱ्यापलीकडची बरड. चहाचे दोन काचेचे गिलास. दोघात अर्ध्यापर्यंत कोरडी बारीक माती, वरून काया रेघा, अन् मग थेंब थेंब पाणी. बरड होती तिथंच बसली. कायी फुगत फुगत रेघेच्या वर बोटभर आली! पोट्टी म्हणे, बाबा, म्हून पावसाळ्यात आपल्या घराची भित फुगते का? मी म्हटलं, माय, मले चाळीस वर्सं झाले हे घर पाहून, मले असं कधी सुचलं नाई.

मंग उन्हाळ्यात ती वावरात गेली अन् भेगांमदी पऱ्हाटी घालून मापलं. एका भेगेत पऱ्हाटी दीड हात आत गेली. तिनं वहीत लिवलं, पेरणी झाल्यावर पुन्हा मापीन. याले पैसा कितीक लागला? शून्य. पण खरं सांगतो, मॅडमची बदली झाली अन् ते मापणं तितंच राह्यलं. तुमी सामानाले भांडता, आमचं घोडं मास्तराच्या बदलीपाशी अडते.

---

मोडून_पाहणारा

विकतच्या मॉडेलच्या बाजूनं कोणीच नाही, म्हणून मी. आठवीत वडिलांनी सीताबर्डीहून साडेतीनशे रुपयांचं विजेच्या मोटरचं मॉडेल आणून दिलं होतं. प्रदर्शनात मी पोपटासारखं बोललो, नंबर नाही आला. घरी येऊन स्क्रूड्रायव्हरनं उघडलं. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि दोन चुंबकं, बस. तार सोडली, पुन्हा गुंडाळली, मोटर बंद पडली. तारेच्या टोकावरचं वार्निश खरडावं लागतं हे कळायला मला दिवाळीची अख्खी सुट्टी लागली. मूळ मॉडेलात ते खरडलेलं होतं, म्हणून चालत होतं. आज गावात मोटरपंपाचं रिवायंडिंग करतो, हंगामात दिवसाला चार-पाच मोटरी येतात.

बंदी घातली असती तर माझ्या हातात मोटर आली असती कुठून? बापाच्या डबीत तांब्याची तार नसते. नियमच करायचा तर असा करा: मॉडेल आणा, पण परीक्षकासमोर उघडून दाखवा. ज्वालामुखीवाले आपोआप गळतील.

---

शंकेखोर

सगळे सामानावर भांडताय, मला समजावणीचं बोलायचंय. स्वस्त प्रयोगाबरोबर स्वस्त उत्तर फुकट मिळतं. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर पालथा पेला. मेणबत्ती विझते, पाणी पेल्यात चढतं. का? तुम्ही म्हणणार, ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्यानं घेतली. चूक! हे उत्तर मीही शिकलो आणि दहा वर्षं शिकवलं. मेणबत्ती विझते तेव्हाही आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. पाणी चढतं मुख्यतः कशानं? पेला ठेवताना आतली हवा तापून फुगलेली असते, थोडी कडेनं बुडबुडे होऊन निघूनही जाते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते. नीट पाहिलं तर पाणी ज्योत असेपर्यंत फारसं चढत नाही, विझल्यावर झपकन चढतं.

तपासायचंय? त्याच पेल्याखाली एकदा एक मेणबत्ती लावा, एकदा तीन. पेला तोच, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच. ऑक्सिजनचा हिशेब खरा असेल तर पाणी दोन्ही वेळा सारखंच चढायला हवं.

गुरुजी, तुमच्या ज्वालामुखीवाल्या पोराला आणि मला त्यात काय फरक होता सांगा.

---

मोर्शीचा_संत्रा

शंकेखोर, शंभर टक्के. आणि म्हणूनच मी होशंगाबादचं नाव काढणार होतो. लांब नाही, आमच्या मोर्शी-वरूडहून बैतूल ओलांडलं की पलीकडे. तिथं 1972 मध्ये 16 शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली आणि ते 2002 पर्यंत चाललं. लोक त्यातलं 'स्वस्त साधनं' एवढंच उचलतात. पण शाळेला किट मिळत होतं, मास्तरांची वर्षानुवर्षं प्रशिक्षणं होत होती, परीक्षेत पुस्तक उघडून लिहिता येत होतं आणि प्रयोगाचीही परीक्षा होती. आपल्याकडे पेपर तोच, 'कार्बन डायऑक्साइडचे गुणधर्म लिहा, 3 गुण'. त्या फुंकणाऱ्या पोरानं पेपरात 'ताकाचं पुन्हा पाणी होते' लिहिलं तर गुण कोण देणार?

अरविंद गुप्तांची खेळणी मीही पोराला करून देतो, शिट्ट्या, आगपेटीच्या काड्यांचे सांगाडे. 2018 ला त्यांना पद्मश्री मिळाली, रास्तच. पण एक माणूस टाकाऊतून खेळणी करतो ही त्याची प्रतिभा. सरकारनं तेच धोरण म्हणून शाळेवर टाकलं तर ती काटकसर.

---

पीएचसीवाली_सिस्टर

आणि कृपा करून मोबाइलवरचे प्रयोग वर्गात आणू नका. 2025 च्या दिवाळीत भोपाळ-विदिशाकडे कार्बाइडच्या पाइपबंदुकांनी कितीतरी लेकरांचे डोळे जायबंदी झाले. रील्स पाहूनच केल्या होत्या त्या.

---

पऱ्हाटी_वाला

सिस्टर, आमच्याकडे रानडुकरं हाकलाले अशी बंदूक एकानं आणली होती. मी घरी बंदी केली. पोट्टी विचारे, बाबा, आवाज काहून येते? मले नाई सांगता आलं. गुरुजी, सांगसान का?

---

चुन्याची_निवळी

भाऊ, सांगतो. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू निघतो, हवेत मिसळून ठिणगी लागली की एकदम भडकतो. वेल्डिंगवाल्याकडे तोच वायू असतो. तुमच्या पोरीला म्हणावं, कागदावरच शिक.

मोडून_पाहणारा यांचा नियम मला माझ्या नियमापेक्षा बरा वाटतो. केंद्रप्रमुखांना लिहून देतो, बघू. बंदीचा हट्ट सोडला.

शंकेखोर सर, मीही ऑक्सिजनच शिकवत आलो, आज दुपारपर्यंत. मधल्या सुट्टीत किराणा दुकानातून मेणबत्त्या आणल्या. एकीला पाणी पेल्यात बोटभरही चढलं नाही, तीन लावल्यावर दोन बोटं चढलं. सातवीतली एक म्हणे, सर, आता पाच. पाच मावेनात. मग म्हणे, मोठा पेला. शाळेत मोठा पेला नव्हता, ती घरून मुरंब्याची बरणी घेऊन आली. आईनं अजून ती रिकामी केलेली नव्हती.