बदकांच्या कळपात नवी पिल्लं सोडताना: तुमचे अनुभव सांगा

परसात मोठी बदकं आहेत आणि घरात नवी पिल्लं आली, की त्यांना एकत्र कधी सोडायचं हा प्रश्न येतोच. बदकं स्वभावाने गरीब असली तरी नवख्याला मानेला धरतात, पाण्यात दाबतात. कधी त्यांच्या मनात काही नसतं, तरी पिल्लू पायाखाली चेंगरतं. आमच्याकडे खाकी कॅम्पबेल जातीची बदकं आहेत. पुरती पिसं फुटेपर्यंत, म्हणजे साधारण ७-८ आठवडे, पिल्लं मोठ्यांच्या नजरेसमोर पण वेगळी ठेवावीत असं माझं ठाम मत आहे. तुम्ही काय करता? सविस्तर लिहा.

वसईहून
खुराड्याशेजारीच बारीक जाळी लावून पिल्लांचा कप्पा केला. दाणापाणी जाळीच्या दोन्ही बाजूंना अगदी लागून ठेवायचे. पहिले काही दिवस मोठी बदकं जाळीवर चोची आपटत होती, मग कंटाळली. पुढे तर दुपारी जाळीला टेकूनच झोपायला लागली, तेव्हा समजलं की आता जमेल. संध्याकाळी, पोटं भरलेली असताना, अंगणात सगळ्यांना मोकळं सोडलं. खुराड्यात नाही, कारण ती जागा मोठ्यांची. रात्री मात्र बरेच दिवस वेगळंच ठेवलं.

नरांकडे खास लक्ष द्या. शेपटीवर वर वळलेलं पीस असतं आणि आवाज घोगरा, तो नर. माजावर असला की लहान मोठं बघत नाही. एका नरामागे चार-पाच माद्या नसतील, तर नराला काही आठवडे बाजूला काढलेलंच चांगलं.

गुहागरहून
आमच्याकडे बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवतात. कोंबडीची पिल्लं २१ दिवसांत निघतात, बदकाला २८ लागतात, म्हणून चिवट बसणारी कोंबडी निवडायची. तिचा फायदा असा, की ती मोठ्या बदकांना पिल्लांजवळ फिरकूच देत नाही! तिच्या मागोमाग पिल्लं कळपात वावरतात आणि ओळख आपोआप होते. फक्त पाण्याला जपा. बदकिणीशिवाय वाढलेली पिल्लं लवकर भिजतात आणि गारठतात. उथळ परात पुरे, तीही कुणी समोर असताना. आणि आकाशात घार दिसली, तर डालग्याखाली घाला.

डिचोलीहून
दादा, खाण्याचं कुणीच लिहिलं नाही म्हणून सांगते. एकत्र सोडली की पिल्लं मोठ्यांचं खाद्य खातात. अंड्यावरच्या पक्ष्यांच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, पिल्लांना एखादा टक्का पुरतो. जास्त झालं की मूत्रपिंडं बिघडतात. म्हणून मी सगळ्यांना वाढीचं खाद्य देते आणि माद्यांना कॅल्शियम मिळावं म्हणून तिसऱ्यांच्या (खाडीत मिळतात त्या) शिंपल्या वाटून वेगळ्या भांड्यात ठेवते. ज्याला हवं ते खातं. बदकाच्या पिल्लांना नायसिन (एक ब जीवनसत्त्व) कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त लागतं. कमी पडलं तर पाय वाकतात. त्यासाठी मी खाद्यावर ब्रुअर्स यीस्ट (बिअर बनवताना वापरतात ते यीस्ट, त्यात नायसिन असतं) भुरभुरते.

ओहायोहून
थंडीत पहिला आठवडा ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. बाहेरच्या हवेची सवय झाल्याशिवाय मोठ्यांकडे नेत नाही. आमची पेकिन जातीची बदकं वजनाने भारी, त्यांचा नुसता पाय पडला तरी संपलं.

सावंतवाडीहून
बाजारातून आणलेली पिल्लं असतील तर आधी दोन-तीन आठवडे पूर्ण लांब ठेवा, जाळीपलीकडेही नको. भांडी वेगळी, चपला वेगळ्या. डक प्लेग या बदकांच्या जीवघेण्या साथीच्या रोगावर लस असते, पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

कोल्हापूरहून
एकच पिल्लू उरलंय, ते मोठ्यांत सोडू का?

वसईहून
नको, ताई. त्याच्या वयाचं एखादं सोबतीला आणा, मग दोघांना एकदम सोडा. आणि आवाराच्या कोपऱ्यात एक फळी आडवी लावा, खाली चार बोटं फट ठेवून. मोठं बदक मागे लागलं की पिल्लं तिथून आत शिरतात, त्याला शिरता येत नाही. दाणे थोडे तिथेही टाकून ठेवा.