अनुभव धागा: जुनी बाईक घेताना मीटरचं रनिंग खरं आहे हे कसं ओळखलंत?

धाकट्या भावाला कॉलेजला जायला जुनी बाईक घ्यायची आहे. सध्या पुण्यात गाड्या बघत फिरतोय. गाडी सहा वर्षांची आणि रनिंग १२ हजार, जो तो हेच सांगतो. डिजिटल मीटरही मागे घेता येतो हे कळल्यापासून आकड्यावर भरवसाच उरला नाही. 'मेकॅनिक सोबत ने' एवढ्यावर थांबू नका मंडळी, मेकॅनिकने नेमकं काय बघितलं तेही लिहा.

कोल्हापूर
माझं गॅरेज आहे. मी मीटर शेवटी बघतो, आधी पाय कुठे लागतो ते बघतो. गिअर लिव्हरचं रबर, फूटरेस्ट, मागच्या ब्रेकचं पेडल. कमी चाललेल्या गाडीच्या पेडलवरच्या रेघा बोटाला लागतात. भरपूर चाललेल्या गाडीचं तिथलं लोखंड गुळगुळीत होऊन चकाकतं. रबरं किरकोळ पैशात नवी बसतात, पेडल सहसा कुणी बदलत नाही. रनिंग कमी सांगतायत आणि रबरं, ग्रिप, सीट कव्हर सगळं कोरं करकरीत असेल, तर हे बदलायची वेळ का आली ते सरळ विचारा.

मग स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चक्रं. साध्या १००-१२५ सीसी गाडीचा चेनसेट (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट) नीट तेलपाणी केलं तर २० हजार किलोमीटरच्या आसपास सहज जातो. मीटर ९ हजार दाखवतोय आणि दात टोकदार होऊन एका बाजूला कललेत, तर शंका घ्या. चेन कोरडी पळवली तरी दात लवकर झिजतात, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नका. मीटरच्या स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या आहेत का तेही बघा.

नागपूर
मीटरवर १९ हजार. सर्व्हिस बुक हरवलं म्हणाले. मी म्हटलं, काका, अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊन येऊ, गाडीच्या नंबरवरून जुनी जॉबकार्डं, म्हणजे प्रत्येक सर्व्हिसच्या नोंदी, निघतात. मालक सोबत असला की तिथेही अडवत नाहीत. काका लगेच निघाले. तीन वर्षांपूर्वीच्या जॉबकार्डवर ३४ हजार! काकांचा चेहरा पडला. त्यांनीही ती गाडी त्यानंतर एका एजंटकडून जुनीच घेतली होती. त्यांचा काही दोष नव्हता, पण सौदा तिथेच थांबला.

रत्नागिरी
मीटर चुकीचा म्हणजे दर वेळी लबाडीच असते असं नाही. काट्याचा मीटर असलेल्या बऱ्याच जुन्या गाड्यांत पुढच्या चाकापासून केबल येते. ती तुटली की मीटर थांबतो, गाडी मात्र चालत राहते. आम्हाला गाडी विकणाऱ्या दादांनी हे न विचारता सांगितलं, म्हणून मला त्यांचा विश्वास वाटला. भाव गाडीची अवस्था बघून ठरला. फेरी मारताना काटा हलतोय का आणि शेवटचा आकडा सरकतोय का, दोन्ही बघा. मीटरला पाचच आकडे असतील तर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य येतो हेही ध्यानात ठेवा.

ठाणे
टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३२२ म्हणजे २०२२ चा २३ वा आठवडा. २०१९ ची गाडी, रनिंग ८ हजार आणि दोन्ही टायर २०२२ चे? मूळ टायर इतक्यात कसे संपले, विचारा. हँडलवर मोबाइल होल्डरच्या पट्टीने रंग घासलेला दिसला तर डिलिव्हरीला होती का तेही विचारा. त्या कामात दिवसाला शंभर किलोमीटर सहज होतात.

छत्रपती संभाजीनगर
कागदाचं मी सांगते. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतातच, पण मी विक्रीच्या करारात एक ओळ घालून घेतली: आजचं मीटर रीडिंग इतकं, मीटर बदललेला किंवा मागे घेतलेला नाही. खाली तारीख आणि सही. आधीच्या एका विक्रेत्याने ही ओळ ऐकताच 'मला घाई आहे' म्हणून फोन ठेवला. दुसऱ्याने सही केली आणि कपाटातून सर्व्हिसची सगळी बिलंही काढून दिली. त्याचीच गाडी घेतली.